धूर कुठून जातो

तुम्ही त्या काळी आमच्या संग्रहालयात आला असतात, तर तिकीट फाडण्याआधी मॅडमनी तुम्हाला कुडाच्या घरात नेऊन उभं केलं असतं आणि विचारलं असतं, "धूर कुठून जातो, सांगा."

घराला खिडकी नव्हती, धुराडं नव्हतं. वाकून आत शिरावं लागेल असं एकच दार, कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपून केलेले कुड, वर गवताचं छप्पर, मधोमध एक जाड काळा खांब आणि कोपऱ्यात तीन दगडांची चूल. बहुतेक माणसं इकडेतिकडे बघून म्हणायची, दारातून. मग मॅडम पुढे काही समजावून सांगत नसत. "बघा मग सावकाश," एवढं म्हणून बाहेर येत आणि माझ्या टेबलाशी उभ्या राहून पाहुण्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "दारातून म्हणणारा माणूस कधी चुलीपाशी बसलेला नाही."

एकदा मुख्य कार्यालयातले एक साहेब सहकुटुंब बोर्डीला जाता जाता आमच्याकडे डोकावले. त्यांनाही ही परीक्षा चुकली नाही. साहेब नापास झाले. त्यांच्या मिसेस मात्र वर बघत हळूच म्हणाल्या, छपरातून झिरपत जात असणार, आमच्या गावच्या गोठ्यात तसंच होतं. मॅडमनी पर्समधून चिकू काढला, पदराला पुसला आणि बाईंच्या हातात दिला. साहेबांना दिला नाही. मी चहा आणायच्या निमित्ताने तिथून सटकलो. साहेबांनी तो चिकू लक्षात ठेवला असणार. आमच्या खात्यात बाकी काही लक्षात राहत नाही, अपमान तेवढा राहतो.

मॅडम अभिरक्षक होत्या, म्हणजे संग्रहालयाच्या प्रमुख. मी कनिष्ठ लिपिक. वडील रेल्वेत होते, मी डहाणूतच वाढलो, आणि आशागडच्या पुढे सहा-सात किलोमीटरवर असलेल्या या संग्रहालयात नोकरी लागली तेव्हा घरी पेढे वाटले गेले, कारण स्कूटरवरून जेवायला घरी येता येणार होतं. वस्तूंशी मला काही देणंघेणं नव्हतं. मासे धरायच्या टोपल्या, फुंकून वाजवायचे तारपे, धान्याच्या कणग्या, सगळ्यांवर नंबर होते आणि मला नंबर कळत होते. मॅडमना नंबर पाठ नव्हते. त्या सकाळी दालनात शिरून नुसता वास घ्यायच्या. "आज पलीकडची कणगी कुंद झालीय, तिला उन्हात ठेवा," म्हणायच्या. मला वाटायचं नाटक आहे. कणगी उचलली की खाली ओल निघायची.

कुडाच्या घराची गोष्ट आधी सांगायला हवी. ते नक्कल नव्हतं. गंजाडच्या आतल्या अंगाला एका पाड्यावर ते खरोखर उभं होतं, आणि त्यात एक म्हातारी एकटी राहत होती. तिच्या मुलाने शेजारी पत्र्याचं, सिमेंटचं घर बांधलं, तेव्हा मॅडमनी तिच्याकडून ते मागून घेतलं. खांब, वासे, कारवी, चुलीचे दगड, सगळं टेम्पोतून आणलं आणि तिच्याच पाड्यावरच्या माणसांकडून आमच्या आवारात पुन्हा उभं केलं. म्हातारीने अट एकच घातली होती. मी तेव्हा तिथे होतो, टेम्पोच्या पावतीसाठी. ती म्हणाली, "बाय, ह्या घराला धूर नाय त घर मरल."

मॅडम म्हणाल्या, "आजी, चूल पेटेल. मी आहे तोवर पेटेल."

तर दर बुधवारी म्हातारी यायची. आधी जमीन सारवायची, मग तासभर चूल पेटवायची. कधी भाकरी टाकायची, कधी नुसतं पाणी उकळत ठेवायची. शेजारी पाण्याने भरलेला हंडा असायचा आणि चूल पूर्ण विझून राख गार होईपर्यंत ती जागची हलायची नाही. दार ओढून घेतलेलं असायचं, त्यामुळे धूर आत कोंडायचा, खांबाला, वाशांना चिकटायचा आणि मग गवतातून सावकाश बाहेर पडायचा. बाहेरून बघितलं तर सगळं छप्पर वाफाळलेलं दिसायचं. त्या काजळीमुळे लाकडाला भुंगा लागत नाही, वाळवी चढत नाही, गवतात किडा राहत नाही. त्या घराला औषधफवारणी कधीच करावी लागली नाही. बाकीच्या दालनांना दर वर्षी करावी लागायची आणि तिची फाईल दर वर्षी अडकायची.

दुपारचं जेवण झालं की मॅडम त्या घरातच सारवलेल्या जमिनीवर पाट उशाला घेऊन अर्धा तास झोपायच्या. तलासरीच्या एका शाळेची सहल आली होती, तेव्हा मास्तरांनी मुलांना रांगेने आत सोडलं आणि पाट्या वाचून दाखवत "ही आदिवासी स्त्री विश्रांती घेताना" असं सांगून टाकलं. त्यांना वाटलं पुतळा आहे. मॅडम न हलता पडून राहिल्या. शेवटचा मुलगा बाहेर पडल्यावर डोळे न उघडता म्हणाल्या, "मास्तरांना सांगा, मी देशस्थ आहे."

पण हसू यायचं असे दिवस थोडे. बाकीचे दिवस पत्रांचे. आमचं संग्रहालय कोणाचं, हे मला नोकरीच्या शेवटापर्यंत नीट सांगता आलं नाही. जमीन एका खात्याची, इमारत दुसऱ्याची, वस्तू तिसऱ्याच्या आणि वर एक व्यवस्थापन समिती, जिच्यातले निम्मे सदस्य पदामुळे सदस्य होते, म्हणजे बदली झाली की सदस्य बदलायचा आणि नव्याला आपण सदस्य आहोत हे कळेपर्यंत त्याची बदली व्हायची. मॅडमच्या टेबलावर अभिरक्षक अशी पितळी पाटी होती, पण काचेच्या कपाटाचं कुलूप बिघडलं तर ते बदलायचा अधिकार त्यांना नव्हता. ते कपाट दोन वर्षं सुतळीने बांधलेलं होतं. एकदा छताला गळती लागली. आम्ही पत्र लिहिलं. उत्तर आलं की गळतीचे छायाचित्र पाठवावे. पाठवलं. उत्तर आलं की छायाचित्रात गळती स्पष्ट दिसत नाही. तोवर ऊन पडलेलं होतं.

मॅडम प्रत्येक नकाराच्या पत्राची झेरॉक्स काढायला लावायच्या. मूळ प्रत मी फाईलला लावायचो. दुसरी त्या बुधवारी म्हातारीला द्यायच्या. म्हातारी ती चुरगळून चुलीत घालायची आणि काडी ओढायची. "एक प्रत नस्तीत, एक प्रत चुलीत," मॅडम म्हणायच्या. "सरकारी कागदाचा एवढा चांगला उपयोग अख्ख्या जिल्ह्यात कुठे होत नसेल."

मला ते आवडायचं नाही. मी कागदाचा माणूस. माझं प्रत्येक पत्र "तरी याबाबत मार्गदर्शन व्हावे, ही विनंती" असं संपायचं. मॅडम लाल पेन्सिलीने ती ओळ खोडायच्या. मी पुन्हा लिहायचो, त्या पुन्हा खोडायच्या. एकदा त्यांनी मला समोर बसवून घेतलं आणि रागाने नाही, अगदी शिकवणीला बसवल्यासारखं सांगितलं, "हे बघा, आपण काय करायचं ते आपल्याला माहीत असतं. विचारलं की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. त्याला माहीत काहीच नसतं, मग तो नाही म्हणतो. नाही म्हणून कोणाची नोकरी गेलेली नाही. म्हणून विचारायचं नाही."

हे मला पटलं नाही. मनात म्हटलं, ही बाई एक दिवस आपल्यालाही घेऊन बुडणार.

मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. तीन आठवड्यांची रजा. त्या तीन आठवड्यांचा कार्यभार माझ्याकडे आला. लिपिकाकडे कार्यभार देतात का, असं तुम्ही विचाराल. दुसरं कोणी नव्हतंच. उरलेली सगळी पदं रिक्त होती. पत्राखाली माझी सही आणि सहीखाली "प्रभारी अभिरक्षक" असा शिक्का. तो शिक्का मी पहिल्या दिवशी कोऱ्या कागदावर चार वेळा मारून बघितला, हे आता सांगायला हरकत नाही.

दुसऱ्या आठवड्यात अग्निसुरक्षेचा छापील तक्ता आला. असे तक्ते दर वर्षी यायचे. परिसरात उघड्या अग्नीचा वापर होतो काय, होय किंवा नाही. जुन्या तक्त्यांत त्या रकान्यात मॅडमच्या अक्षरात "लागू नाही" असं लिहिलेलं मी पाहिलं होतं. मीही तेच लिहून दिलं असतं तर कोणी डोळा वर करून पाहिलं नसतं. पण मला वाटलं, खोटं का लिहा. मी "होय" लिहिलं. तेवढ्यावर भागलं नाही. सोबत दीड पानी पत्र जोडलं. सदर कुडाच्या घरात दर बुधवारी चूल प्रज्वलित करण्यात येते, सदर बाबीस लेखी मान्यता घेतल्याचे अभिलेखावरून दिसून येत नाही. आणि शेवटी माझी लाडकी ओळ, जी या वेळी खोडायला लाल पेन्सिल नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा हातात थोडा अधिकार आला होता आणि मी तो पाकिटात घालून वर पाठवून दिला.

गळतीच्या पत्राला पाच महिने लागले होते. याचं उत्तर नऊ दिवसांत आलं. पुढील आदेशापर्यंत संग्रहालय परिसरात कोणत्याही स्वरूपात अग्नी प्रज्वलित करू नये. कसूर झाल्यास संबंधितांस व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल. खाली सही त्याच साहेबांची, चिकू न मिळालेल्या.

मॅडम काळा चष्मा लावून हजर झाल्या, त्या दिवशी बुधवारच होता. म्हातारी ओसरीला लाकडं घेऊन बसली होती. मी पत्र पुढे केलं. मॅडमनी ते चष्मा वर करून डोळ्यांजवळ नेऊन वाचलं, मग मी पाठवलेल्या पत्राची प्रत मागितली, तीही वाचली. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी ओरडायला हवं होतं.

"काल पेटवली असती तर तो स्वयंपाक होता," त्या म्हणाल्या. "आता पेटवली तर तो गुन्हा आहे. एवढाच फरक केलात तुम्ही."

खरं बोलायचं तर वरच्यांचं अगदीच चूक होतं असं नाही. गवताचं छप्पर, शेजारी सरकारी इमारत, शाळेची मुलं. उद्या काही झालं असतं तर पेपरवाल्यांनी साहेबांचीच सालटी काढली असती. मॅडमनाही ते कळत होतं. त्यांनी हंडा, वाळू, अग्निशामक नळकांडं, शेजारी बसणारं माणूस, सगळं लिहून परवानगीचा प्रस्ताव केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी परवानगी मागितली आणि ते पत्र मीच टाईप केलं. समितीची बैठक डहाणूला लागली. मी फायली घेऊन मागे बसलो होतो. म्हातारीलाही मॅडमनी बरोबर आणलं होतं, पण ती सदस्य नाही म्हणून तिला बाहेर बाकावर बसवलं. मॅडम वीस मिनिटं लाकूड, धूर आणि भुंगा यांच्यावर बोलल्या. अध्यक्ष मोबाईलवर काहीतरी वर सरकवत होते. शेवटी त्यांनी विचारलं, इतकी वर्षं चूल पेटत होती, ती कोणाच्या परवानगीने?

"जिचं घर आहे तिच्या," मॅडम म्हणाल्या. "ती बाहेर बसलीय. बोलावू का?"

नको म्हणाले. वस्तूची मालकी आता शासनाकडे आहे, असं एका सदस्याने समजावून सांगितलं. प्रस्ताव तांत्रिक अभिप्रायासाठी वर पाठवायचा ठरला आणि चहा आला. दोन महिन्यांनी मॅडमची बदली झाली. घाटावरच्या एका शहरात, एका गोदामात, जिथे संग्रहालय व्हायचं होतं आणि अजून झालेलं नाही. अग्निबंदी मोडली म्हणून कारवाई झाली असती तरी मला कमी वाईट वाटलं असतं. त्यांनी ती मोडली नव्हती. तिची जबाबदारी माझ्यावरही येईल, एवढ्यासाठी मोडली नाही, हे मला नंतर कळलं.

कार्यभार देताना वस्तूंची यादी करतात. टेबल, खुर्च्या, पितळी पाटी, तारपे, कणग्या. यादीच्या शेवटी मॅडमनी स्वतःच्या हाताने एक ओळ घातली. आगपेटी, एक, चालू स्थितीत. मी म्हटलं, मॅडम, हे यादीत कसं घालायचं. त्या म्हणाल्या, "सही करा." मी सही केली. मग त्यांनी आगपेटी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मी गेल्यावर इथे तुमच्याशिवाय कोणी नसणार. बुधवारी तासभर. कोणी बघायला येत नाही हो इथे, तुम्हालाही माहीत आहे. तेवढं करा."

मी हो म्हटलं.

नाही केलं. कारणं होती. मुलीची बारावी होती, पदोन्नतीची यादी निघायची होती, व्यक्तिशः जबाबदार हे दोन शब्द टेबलाच्या काचेखाली ठेवल्यासारखे दिसायचे. त्यातलं एकही कारण आज मला तोंड वर करून सांगता येत नाही. प्रभारी म्हणून मी पुढे पाच वर्षं तिथे बसलो. दर वर्षी वस्तूंची पडताळणी झाली आणि दर वर्षी मी आगपेटीसमोर बरोबरची खूण केली.

म्हातारी येत राहिली. सारवायची आणि न पेटलेल्या चुलीसमोर तासभर बसून जायची. मला काही विचारायची नाही. पहिल्या पावसानंतर गवताला कुबट वास यायला लागला. पुढच्या वर्षी मधल्या खांबाखाली रोज सकाळी बारीक पिवळा भुगा पडलेला दिसायला लागला. झाडणारी बाई तो झाडून टाकायची. मी तिला सांगितलं होतं, लोक यायच्या आत झाडत जा. फवारणीचं पत्र मी लिहिलं होतं. त्याचं काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे.

एका बुधवारी म्हातारीने मला हाक मारली. मी वाकून आत गेलो. तिने मधल्या खांबाला बोट लावलं आणि दाबलं. बोट पेरापर्यंत आत गेलं. तिने ते बाहेर काढलं, लुगड्याला पुसलं आणि म्हणाली, "भाऊ, ह्या घरात आथा कोण नाय."

त्यानंतर ती आली नाही. घर श्रावणात बसलं. सुदैवाने आत कोणी नव्हतं, असं मी अहवालात लिहिलं. कारणाच्या रकान्यात "नैसर्गिक जीर्णता" असं लिहिलं. चांगला शब्द आहे, त्यात कोणाचंही नाव येत नाही.

नवं घर मात्र झटकन झालं, कारण ते कामाच्या यादीत बसत होतं. सिमेंटच्या भिंती, त्यांवर गेरूसारखा रंग, वर पत्रा आणि पत्र्यावर फायबरचं गवत. चुलीत लाल बल्ब, तो लुकलुकतो. भिंतीवर स्टेन्सिल लावून काढलेली माणसं हात धरून नाचतायत, सगळी एकाच मापाची. उद्घाटनाला मंडप पडला. चिकू न मिळालेले साहेब तोवर आणखी वर गेले होते, त्यांनीच फीत कापली. चुलीशी बसून फोटो काढायची रांग लागली होती.

आणि मग, माझ्या निवृत्तीला सहा महिने राहिले असताना, मॅडमच्या त्या जुन्या प्रस्तावाला मंजुरी आली. तांत्रिक अभिप्राय अनुकूल आहे. कुडाच्या घराचे जतन होण्याच्या दृष्टीने दर बुधवारी एक तास चूल प्रज्वलित करण्यास मान्यता देण्यात येत आहे. अनुपालन अहवाल छायाचित्रासह पंधरा दिवसांत सादर करावा.

आता ते घर अस्तित्वात नाही, असं कळवायला हवं होतं. कळवलं असतं तर विचारणा झाली असती, का नाही, कधीपासून नाही, नवीन घर कोणत्या मान्यतेने. मी मार्गदर्शन मागितलं नाही. अखेर मला ती विद्या आली म्हणायची. बुधवारी सकाळी मी बल्ब काढला, त्या जागी तीन विटा मांडल्या, लाकडं रचली आणि कपाटातून मॅडमची आगपेटी काढली. सातवी काडी पेटली. झाडणाऱ्या बाईने मोबाईलवर फोटो काढले. दोन मिनिटांत आत श्वास घेता येईना. पत्र्याखाली धूर साचला, फायबर तापून प्लास्टिक जळल्यासारखा वास सुटला, आम्ही दोघं खोकत बाहेर पळालो आणि बादलीभर वाळू ओतून मी ती चूल विझवली. अहवाल त्याच दिवशी गेला. फोटो चांगला आला होता.

संध्याकाळी मी मॅडमना फोन केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्या निवृत्त होऊन घाटावरच राहिल्या होत्या. आवाज थकलेला होता, पण ओळख पटल्यावर त्यांनी आधी म्हातारीची चौकशी केली. ती गेली, म्हणून सांगितलं. घर बसल्याचं त्यांना कोणीतरी आधीच कळवलं होतं. मग मी सांगितलं की मॅडम, तुमचा प्रस्ताव मंजूर झाला. आज चूल पेटवली. का सांगितलं, मला माहीत नाही. कदाचित शाबासकी हवी होती.

मग त्यांनी विचारलं, "धूर कुठून गेला?"

खोटं बोलता आलं असतं. आयुष्यभर कागदावर बोललो होतो. पण त्या बाईला वास आला असता.

"दारातून," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.